सव्वा इंचाची हिरवी बाई

तो एअरब्रश अजून माझ्याकडे आहे. लाकडी पेटीत, त्याच्या मापाच्या खाचेत पडून असतो. सुई सरळ आहे, तोंड स्वच्छ आहे, आजही हवा जोडली तर रंगाची केसाएवढी बारीक रेघ मारील. त्याच्यात कधीच काही दोष नव्हता. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण एकदा मी त्याच्यावर आणि त्याला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरवर खोटा आळ घेतला होता. तोही आईसमोर.

ही गोष्ट शहाऐंशीची. मी चंद्रपुरात एका सरकारी कार्यालयात ट्रेसर होतो. इंजिनियर लोक पेन्सिलीने नकाशे काढत, मी ते शाईने गिरवत असे. दिवसभर दुसऱ्याच्या रेघा गिरवायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन आपलं काहीतरी करायचं. माझं ते काहीतरी म्हणजे बारकी माणसं. नागपूरला रद्दीच्या दुकानात एकदा एक विलायती मासिक हाती लागलं होतं. त्यात बोटाच्या पेराएवढे शिपाई, घोडे, विमानं, सगळं मापात, सगळं रंगवलेलं. एका शिपायाच्या डोळ्यांत पांढरा ठिपकासुद्धा होता. ते मासिक मी इतक्या वेळा उघडलं की त्याची पानं सुटी झाली. मग तारेचा सांगाडा, त्यावर कागदाचा लगदा आणि खडू, असं करून मीही माणसं बनवायला लागलो. माप आमच्या ऑफिसातलंच, पाव इंचाला एक फूट. पाच फुटांची बाई म्हणजे सव्वा इंच.

आमच्या वस्तीत सगळी बौद्ध घरं. छप्पन साली चंद्रपुरात, म्हणजे तेव्हाच्या चांद्यात, दीक्षा झाली, त्याला त्या वर्षी तीस वर्षं होणार होती. विहारात त्या दिवसाचा देखावा मांडायचा असं ठरलं आणि काम आपोआप माझ्याकडे आलं. आठ बाय चारचा प्लायवूड, त्यावर मैदान, मंडप आणि माणसं. माणसंच माणसं. एकट्याला ती जन्मात झाली नसती. तेव्हा आईने सुचवलं की त्या दिवशी जे मैदानात होते त्यांनी आपापलं माणूस स्वतः करावं. सांगाडे मी द्यायचे, लगदा त्यांनी चढवायचा. मग काय, महिनाभर आमच्या ओसरीवर वस्तीतल्या म्हाताऱ्या पायावर पाटी घेऊन बसलेल्या. कोणी आपल्या बापाला काठी देई, कोणी आपल्याला तरुणपणाची लांब वेणी. एकीने नवऱ्याला जरा जास्तच उंच केलं, तर बाकीच्यांनी तिची अशी फिरकी घेतली की विचारता सोय नाही.

कपडे मात्र सगळ्यांचे पांढरे. त्या दिवशी पांढरं नेसून यायचं होतं आणि लोकांनी कुठून कुठून पांढरं आणलं होतं. धोतरं फाडून लुगडी केली होती, शेजारणीकडून मागून नेसली होती. म्हणून मैदानात पांढरंच पांढरं. मला चेहरे, हात, काठ्या कुंचल्याने रंगवायच्या होत्या आणि पांढरा मारायचा होता एअरब्रशने. कुंचल्याने पांढरा मारला की सव्वा इंचाच्या अंगावर ओरखडे दिसतात. लगद्यातल्या निऱ्या, पदर, सगळं रंगाखाली बुजून जातं. शिवाय आमच्या गावच्या हवेत कोळसा. पांढरा रंग वाळेपर्यंत त्यावर काळे कण बसलेच म्हणून समजा. तो झटपट वाळायला हवा, म्हणजे पातळ थर हवा, म्हणजे हवेनेच मारायला हवा. असं मी सगळ्यांना समजावून सांगत असे. खोटं नव्हतं, पण खरं कारण ते मासिक होतं. मला एअरब्रश हवाच होता.

नागपूरला चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात दोन होते. पहिला देशी, साधा, खाली बाटली. बटण दाबलं की हवा आणि रंग दोन्ही एकदमच. रंग किती यावा ते आधीच स्क्रू फिरवून ठरवायचं. दुसरा जपानी, एका फोटो स्टुडिओतल्या रिटच करणाऱ्या म्हाताऱ्याने नजर गेली म्हणून विकायला ठेवलेला. त्याला वर वाटी आणि एकच छोटा खटका. खटका खाली दाबला की नुसती हवा. दाबून मागे ओढला की रंग, आणि जितका ओढाल तितकाच. दुकानदाराने आपल्या पंपावर मला चालवून दाखवला. मी कागदावर माझ्या सहीएवढी एक रेघ ओढली, बारीक सुरू करून जाड केली, परत बारीक केली. संपलं. त्यानंतर दुकानदार काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

हवेचा प्रश्न उरला होता. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मी जाऊन बघितला. तो चालू झाला की पलीकडच्या हॉटेलातले लोक ओरडून बोलत, आणि हवेबरोबर तेलही उडे. ट्रकच्या ट्यूबमध्ये पायपंपाने हवा भरून तिच्यावर काम करणारे पेंटर होते, पण ट्यूब रिकामी होत आली की जोर उतरतो आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी पडतो. मग मी फ्रीज दुरुस्त करणाऱ्या भाऊंकडे गेलो. बाजाराच्या गल्लीत त्यांचं एवढंसं दुकान. शांत माणूस, तोंडात कायम लवंग. त्यांचं म्हणणं, फ्रीजचा जुना कॉम्प्रेसर लावू, आवाज नाही. आग विझवायच्या जुन्या नळकांड्याची टाकी करू, म्हणजे हवा एकसारखी येईल. टाकीच्या तोंडाला जोर कमी-जास्त करायची चावी आणि तो जोर दाखवणारं घड्याळ, वीस पौंडांवर ठेवायचं. आणि पाणी, तेल अडवायला स्कूटरचा पेट्रोल फिल्टर, आत कापूस. फिल्टर पारदर्शक असतो, कापूस ओला झाला की बाहेरूनच दिसतो.

"पन मले एक सांगा," ते म्हणाले, "तुमाले मारायचा तर निस्ता पांढरा. त्याले तो देशी काऊन नाई चालत? भिंतीले चुना मारल्यासारखं काम आहे हे."

बरोबर बोलत होते. आणि बरोबर बोललेलं मला तेव्हा सहन होत नसे. मी त्यांना त्यांच्याच दुकानात उभं राहून अर्धा तास खटक्याचं शास्त्र शिकवलं. देशी ब्रश माणसाचं ऐकत नाही, याला मात्र नुसती हवा दिली तर हा रंगाचा थेंब देत नाही. मागे ओढल्याशिवाय नाही म्हणजे नाही. चुकून रंग उडणं या ब्रशला ठाऊकच नाही. शेजारच्या माणसाला धक्का न लावता एका माणसाचा नुसता पदर रंगवता येतो. मी बोटाने हवेत खटका दाबून, ओढून दाखवला. भाऊंनी लवंग या गालातून त्या गालात नेली आणि म्हणाले, "बरं बाप्पा. घ्या तोच."

आईनेही विचारलं होतं, "कुंचल्यानं नाई होत का रे, बाबू?" तिलाही तेच ऐकवलं.

आईने स्वतःची बाई सगळ्यात शेवटी केली. इतर बायका गेल्यावर, एकटीने बसून. कासोटा घातलेलं लुगडं, अनवाणी पाय, कडेवर पोर. ते पोर म्हणजे मी, दोन वर्षांचा. आणि माझ्या कुंचल्यांतला एक घेऊन, माझ्याच पोस्टर रंगातून तिने ते लुगडं हिरवं रंगवलं.

"आई, सगळे पांढऱ्यात होते ना?"

"सगळे होते. माह्याजवळ नव्हतं." ती रंग वाळायला फुंकर मारत म्हणाली. "लग्नातलं हिरवं होतं, तेच धुऊन नेसली. मूल गावाच्या बाजूनं बैलगाडीत आलो आमी. म्या म्हनलं मांगंच बसतो. तर एक बाई होती, कोनाची कोन मालूम, तिनं हात धरून समोर नेलं. म्हने, पोर कडेवर आहे, तुले दिसलं पाहिजे."

मग तिने ती हिरवी बाई मंडपापासून तिसऱ्या रांगेत, आपल्याला हवी तिथे टोचून ठेवली. तिच्याजवळ दागिना नव्हता, फोटो नव्हता. त्या दिवसाची तिच्याकडची एकच वस्तू म्हणजे ती जागा. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही. कळत होतं.

देखाव्याचं उद्‌घाटन आठ दिवसांवर आलं तेव्हा आमच्या ऑफिसातले साहेब घरी आले. माझ्या हौसेची त्यांना उत्सुकता होती आणि उद्‌घाटनाला येणाऱ्यांत तेही होते. भले माणूस होते. प्लायवूडभोवती दोनदा फिरले, चष्मा काढून वाकून बघितलं, "वा, वा" म्हणाले. मी नुसता फुलून गेलो होतो. कॉम्प्रेसर चालू करून दाखवला, घड्याळ दाखवलं, फिल्टर दाखवला. आई आत चहा ठेवत होती.

साहेब तिसऱ्या रांगेपाशी थांबले. "सगळे पांढऱ्यात आणि ही एकटी हिरवी का? ही कोण?"

सहज विचारलं होतं. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण माझ्या डोळ्यांसमोर एकदम आलं ते उत्तर. ही माझी आई, हिच्याकडे पांढरं लुगडं नव्हतं. दुसरं लुगडंच नव्हतं. मला वाटलं, हे सांगितलं की साहेबांची नजर प्लायवूडवरून उठून आमच्या घरावर फिरेल. मी त्यांच्या नकाशांवर रेघा ओढतो तेव्हाही त्यांना हे आठवेल.

"कोणी नाही, साहेब," मी म्हणालो. "ती रंगवायची राहिली आहे."

साहेब चहा पिऊन गेले. आई विहारात निघून गेली, ती रोज संध्याकाळी जातच असे. मी वाटीत पांढरा रंग घेतला. जुन्या कापडातून नीट गाळून घेतला, घाई केली नाही. घड्याळात वीस पौंड पाहिले. ती बाई उपसून एका सुईच्या टोकावर लावली, फिरवली, आणि खटका दाबून मागे ओढला. समोरून, पाठीमागून, कासोट्याच्या आतून. कडेवरचं पोरही. तीन पातळ थर. सुंदर काम झालं होतं, हेच सांगायला सगळ्यात जड जातं. परत त्याच भोकात टोचली तर ती बाई कुठली ते माझं मलाच शोधावं लागलं.

सकाळी आईला ती सापडली नाही. तिने रांगेवर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "बाबू, माही बाई कुठी गेली?"

आणि मी, बत्तीस वर्षांचा माणूस, तोंड वर करून म्हणालो, "कॉम्प्रेसर थुंकला, आई. पाणी आलं असेल नळीत. एकदम फवारा उडाला आणि तिच्यावर पडला." वर आणखी भाऊंच्या नावाने दोन शब्द बोललो, की जुन्या फ्रीजचं भंगार माझ्या गळ्यात बांधलं म्हणून. खोट्याला खोटं जोडायला लागलं की ते किती सफाईने जुळत जातं, हे मला त्या सकाळी कळलं.

आई म्हणाली, "असं झालं का."

पण ती माझ्यासारखी नव्हती. तिला वाटलं, यंत्र बिघडलं असेल तर बाकीची माणसंही खराब होतील. बाजारात गेली तेव्हा भाऊंच्या दुकानात जाऊन सांगून आली. संध्याकाळी भाऊ हातगाडी घेऊन दारात उभे. माझ्याकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. माझ्याकडे! "भाऊ, माफ करा," म्हणाले, "तुमचं देवाच्या ठिकानचं काम. म्या पाहतो काय झालं ते." आणि कॉम्प्रेसर, टाकी, नळी सगळं चढवून घेऊन गेले. बरोबर एअरब्रशही मागितला, जोडून बघायला. मी दिला. तेव्हाच बोलायला हवं होतं. हातगाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभा होतो.

दोन दिवसांनी ते परत आले. डोळे लाल, नखांत ग्रीस. आई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. भाऊंनी तिच्यासमोरच टाकी उतरवली.

"बाई, म्या सारं खोललं. टाकी कोरडी. दोन दिवस धंदा सोडून चालवून पाह्यलं, पान्याचा टिपूस नाई. आन् हे पाहा." त्यांनी पेट्रोल फिल्टर उन्हात धरला. आतला कापूस जसा भरला तसा, कोरडा, पांढरा. मग त्यांनी खिशातून माझा एअरब्रश काढला, फडक्यात गुंडाळलेला, आणि माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर खरोखरचा गोंधळ होता. "भाऊ, तुमीच तर सांगतलं होतं ना? मांगं ओढल्याशिवाय हा रंगाचा थेंब देत नाई म्हून? म्या पन करून पाह्यलं. नाई देत. मंग हवा कितीबी थुंको, रंग कसा काय..."

बोलता बोलता ते थांबले. बोट खटक्यावरच होतं. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग आईकडे, मग खाली. "राहू द्या," म्हणाले. "असन काही. यंत्राचं काय सांगता येते." आणि दोष नसलेलं यंत्र भिंतीला लावून, चहा न घेता गेले. दोन दिवस त्यांनी दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नव्हतं आणि जाताना माझं खोटं तेवढं आपल्या माथी घेऊन गेले.

आई तांदूळ निवडत राहिली. मला वाटलं होतं ती ओरडेल, मग मीही ओरडीन आणि मोकळं होता येईल. खडे बाजूला काढत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली,

"त्या दिवशी तेवढ्या गर्दीत मले कोनी नाई म्हनलं, बाई तू मांगं हो म्हून."

मी तिथून उठलो. पाणी घेतलं, कापसाचा बोळा घेतला आणि त्या बाईवरचा पांढरा पुसायला लागलो. पोस्टर रंग पाण्याने निघतो. पांढरा निघाला, पण त्याच्याखालचा आईने दिलेला हिरवाही त्याच्याबरोबर निघाला. खाली उरला राखाडी लगदा. बोळा हिरवट झाला होता. तो टाकवेना आणि ठेवून करायचं काय तेही कळेना.

मी आईकडे गेलो आणि बाई तिच्यापुढे धरली. "तू रंगव."

"मले आता बारीक दिसत नाई. तेव्हा रंगवली तर तीन दिवस डोळे दुखले." तिने सूप खाली ठेवलं. "तूच रंगव. म्या सांगतो."

मग मी कुंचल्याने रंगवलं. तिने सांगायचं, मी हिरव्यात पिवळा घालायचा, काळा घालायचा. हा नाही, हा फार ओला आहे, आता जवळ आला, धुतलेलं होतं ते, नवं नव्हतं. सगळी दुपार गेली. माफी मागायला तिथे खूप जागा होती. मी रंगाबद्दल बोलत राहिलो.

उद्‌घाटनाच्या दिवशी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. हिरवी बाई तिसऱ्या रांगेत होती, अंगावर कुंचल्याचे ओरखडे घेऊन. आई माझ्या शेजारी उभी होती, पांढऱ्या साडीत. मी मनाशी पक्कं केलं होतं. साहेब येतील, विचारतील, आणि मी सांगीन. शब्दसुद्धा ठरवून ठेवले होते, ऑफिसातल्या टिपणीसारखे.

साहेब आले. लोकांनी वाट करून दिली. त्यांच्याबरोबर नागपूरचे दोन पाहुणे होते. साहेबांनी हसत बोट दाखवलं. "अरे! ही अजून राहिलीच का रंगवायची?"

मी तोंड उघडलं. पाहुणे माझ्याकडे बघत होते, त्यांचे कपडे कडक इस्त्रीचे होते, आणि मी एक श्वास घेतला. एकच. ठरवलेला पहिला शब्द जिभेवर होता.

"हो साहेब," माझ्या शेजारून आई म्हणाली. "राह्यली."

म्हणजे त्या दिवशी चहा ठेवताना तिने सगळं ऐकलं होतं. मी "कोणी नाही" म्हणालो तेही. दुसऱ्या सकाळी रांगेवर बोट फिरवून तिने मला विचारलं, तेव्हा तिला माहीत होतं. ती मला बोलायला जागा करून देत होती आणि मी तिला पाण्याची, नळीची गोष्ट सांगितली होती. भाऊंना जाऊन सांगितलं ते मात्र तिने खरंच यंत्राच्या काळजीने की माझ्यासाठी, हे मी तिला कधी विचारू शकलो नाही.

साहेब मान डोलवून मंडपाकडे सरकले. पाहुणे त्यांच्यामागे.

"ती माझी आई आहे," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. पण तोवर ते पुढे गेले होते, आणि ऐकायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

आईने माझ्या बाहीवर लागलेला हिरवा डाग अंगठ्याने खरवडून बघितला. तो निघाला नाही.

"मालूम आहे मले, बाबू," ती म्हणाली. "म्याच बनवली ते."